घरची परवानगी

लातूर, १२ जुलै २०२३

फरीदाआपा,
आदाब.

तुझा नंबर माझ्याकडे आहे, पण फोनवर तू ‘हाव, न्हाई, बरं’ याच्या पुढे जात नाहीस आणि रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवतेस. गाण्याबद्दल तुझ्याशी बोलायचं तर कागदच हवा.

सध्या मी मारवा ऐकतेय. एका जुन्या बाईंचं आकाशवाणीवरचं गाणं कुणीतरी यूट्यूबवर टाकलंय. बाई षड्जावर येतच नाहीत. आता येतील, आता येतील, म्हणून आपण कान लावून बसतो आणि त्या रिषभावरून परत फिरतात. खालच्या मजल्यावर यांच्या शिकवणीची पोरं भौतिकशास्त्राची सूत्रं घोकत असतात आणि वर मी हा मारवा लावून बसते. वर्षाराणी म्हणते, आई, संध्याकाळी हे नको लावू, घर रिकामं वाटतं.

ती आता बावीस वर्षांची झाली. संगीतात एम. ए. करतेय. तिच्या बाबांनी एक वर्षाची मुदत दिलीय. तेवढ्यात नाव झालं तर ठीक, नाही तर स्थळं बघायची. लातुरात डॉक्टर होणाऱ्या पोरींची रांग लागलीय, गाणाऱ्या पोरीचं काय करायचं हे कुणाला कळत नाही.

आता मुद्द्याचं. जानेवारीत आपल्या बसवंतबुवांची जन्मशताब्दी. बुवा मूळ निलंग्याचे, म्हणून आमच्या संगीत मंडळानं लातुरात मोठा कार्यक्रम ठरवलाय. बैठकीत मी म्हटलं, बुवांनी नांदेडला चौफाळ्यात तीस वर्षं शिकवलं, पण नंद रागातली स्वतः बांधलेली चीज एकाच मुलीला दिली. ती आली तरच शताब्दी. आमचे अध्यक्ष मन्मथअप्पा आडतीचे व्यापारी, पण कानाचे पक्के. ते म्हणाले, “मग बोलवा की. वाट कशाची बघताव?”

तर मी बोलावतेय. येशील ना?

तुझी
मंजू


नांदेड, २३ जुलै २०२३

मंजू,
सलाम आणि लई दुवा.

तुझं पत्र माझ्या सुनेनं, अफसानानं आणून दिलं. तिला वाटलं बँकेचं काही आलं. मी उघडून वाचायला लागले आणि चुलीवरची डाळ उतू गेली, तरी उठले नाही.

मी काय ऐकते? फोन स्टीलच्या रिकाम्या डब्यात उभा ठेवते, म्हणजे आवाज घुमतो. सध्या धारवाडकडच्या एका पोराचा ललत ऐकते. वय पंचवीसबी नसंल. दोन्ही मध्यम असे शेजारी ठेवतो जशी दोन भावंडं एका पांघरुणात. मग घाई करतो आणि तानांत सगळं सांडून टाकतो. तुझा मारवाबी ऐकला. बाई षड्ज देत नाहीत असं नाही गं. देतात, पण दारातून आत न येता विचारपूस करून जातात तसं.

येण्याचं म्हणशील तर नको. लग्नानंतर मी चारचौघांत गायले नाही. लोकांना वाटतं घरच्यांनी अडवलं. कुणी अडवलं नाही. दुकान, सासूचं आजारपण, पोरं, त्यातच दिवस गेले आणि मीच थांबले. हे गेले तेव्हा वाटलं आता गावं, तर करोनानं दम नेला. दवाखान्यात ऑक्सिजनवर होते तेव्हा मनात नंदचीच चीज म्हणत होते, ओठ हालत होते. नर्सला वाटलं कलमा पढते.

तू आठवण ठेवलीस, तेवढं बास.

फरीदा


लातूर, ९ ऑगस्ट २०२३

फरीदाआपा,

‘तेवढं बास’ वगैरे मी ऐकणार नाही. अर्धा तास गा. बसून, हवी तेवढी थांबत. दम तुटला तर लोक समजून घेतील. पण ती चीज तुझ्याबरोबर संपली तर बुवांना काय सांगणार?

मंडळात सगळ्यांना सांगून झालंय. पेटीवाले आणि तबलजी इथले असतील. त्यांना चीज आधी ऐकायला हवी, म्हणून तेवढी फोनवर रेकॉर्ड करून पाठव. अस्ताई, अंतरा, दोन्ही. वर्षाराणीलाही ऐकायची आहे. तिनं जन्मात फक्त माझ्या तोंडून चीजेचं कौतुक ऐकलंय, चीज कधी नाही. मला येत असती तर शिकवली नसती का?

मंजू


नांदेड, २४ सप्टेंबर २०२३

मंजू,

उशीर झाला, पण का झाला ते ऐक. मी रियाजाला बसले.

पहिल्या दिवशी सा लावला तर आवाज अडगळीतल्या पेटीच्या बिजागरीसारखा कुरकुरला. अफसाना धावत आली, म्हणाली, अम्मी काय झालं? संध्याकाळी मुनीब दुकानातून आला. देगलूर नाक्याला त्याचं मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान आहे, हात सदा काळे. तो दारातच उभा राहिला. मी थांबले तर म्हणाला, “थांबू नको अम्मी. तू गातीस हे मला म्हाईतच न्हवतं.” चाळीस वर्षांचं पोरगं, डोळे पुसून राहिलं. दुसऱ्या दिवशी त्यानं फोनमध्ये तानपुरा घालून दिला. आता मी बसले की टीव्ही बंद. त्याचाच हुकूम.

दीड महिन्यात गळा पुष्कळ परत आला. मंद्रात तर आधीपेक्षा जास्त आहे असं वाटतं. फोनवर रेकॉर्डिंग पाठवलं आहे. अंतऱ्यात ‘दीप धरे देहरी पर ठाढी’ म्हणताना ‘देहरी’वर माझा दम तुटला, तिथं थोडी थांबले आहे. बुवा तिथं कधी थांबत नव्हते, एका श्वासात ‘ठाढी’पर्यंत जायचे. पेटीवाल्यांना सांग. जानेवारीपर्यंत मीबी जाईन.

मुनीब स्वतः गाडीनं घेऊन येणार. त्याचा ग्यानोबा नावाचा दोस्त लातुरातच, गंजगोलाईत राहतो, त्याच दिवसांत त्याच्या बहिणीचं लग्न आहे. म्हणजे गाणं आणि लग्न, दोन्ही. ग्यानोबाची आई तुळजाबाई फोनवर म्हणाली, हाटेलात उतरलात तर बोलणार न्हाई.

मंजू, मला बिगीनं लिही. ऐकून कसं वाटलं?

फरीदा


लातूर, १९ नोव्हेंबर २०२३

फरीदाआपा,

तुझे तीन फोन येऊन गेले, घेतले नाहीत. कोणत्या तोंडानं घेणार होते?

रेकॉर्डिंग ऐकलं. त्याबद्दल काय लिहू? वर्षाराणीनं पुन्हा पुन्हा ऐकलं.

पण आपा, कार्यक्रमाचं जरा अवघड झालंय. मंडळातले काही लोक म्हणायला लागले, शताब्दीला आपलंच माणूस गायला हवं. ‘आपलंच’ म्हणजे काय ते तुला फोडून सांगायला नको. दिवस कसे आलेत तू बघतेसच. मी पुष्कळ भांडले. मन्मथअप्पांना मान खाली घालावी लागली. नावं विचारू नकोस, मला याच गावात राहायचंय. आणि कुणाला फोन करून विचारूही नकोस, उगाच तुझाच अपमान होईल.

ठरलेलं मोडावं लागतंय. माझ्यावर राग धरू नकोस.

मंजू


नांदेड, ३० नोव्हेंबर २०२३

मंजू,

तुझ्यावर कसला राग? तू आपल्या लोकांशी माझ्यासाठी भांडलीस, मी ते मरेपर्यंत विसरणार नाही. पण आता भांडू नको. तुला तिथं राहायचं आहे, वर्षाराणीचं सगळं व्हायचं आहे. कुणी काही बोललं तर म्हण, तिची तब्येत बरी नव्हती.

बुवांच्या घरी मी देवघराच्या उंबऱ्याला टेकून शिकले. काकू स्वतःच्या ताटाशेजारी माझं ताट मांडायच्या. तिथं मला कुणी परकं म्हणलं नाही. आता त्यांच्याच नावाच्या मंचावर मी चालत नाही.

मुनीबला सांगायचं नव्हतं. पण त्यानं ताडलं. म्हणाला, “सगळ्या लातूरनं एक व्हऊन माझ्या आईला न्हाई म्हणलं व्हय?” मी म्हणले, सगळ्या लातूरनं नाही रे, मंजू आहे ना. त्यानं ऐकलं नाही. ग्यानोबाच्या बहिणीच्या लग्नाला जाणार नाही म्हणतो. त्याचे फोन घेत नाही.

टीव्ही परत सुरू झाला आहे. मी बसत नाही आता. काही ऐकतबी नाही. डबा धुऊन अफसानानं साखर भरली त्यात.

फरीदा


लातूर, २१ जानेवारी २०२४

फरीदाआपा,

कार्यक्रम पार पडला. गर्दी बरी होती. शेवटची भैरवी लांबली. सगळ्यांना तुझी आठवण झाली.

थंडीनं माझा घसा धरलाय, म्हणून थोडक्यात लिहितेय. सध्या विशेष काही ऐकत नाही.

मंजू


नांदेड, १० मार्च २०२४

मंजुश्री,

परवा दुपारी तुझी वर्षाराणी माझ्या दारात आली. तुला सांगून आली नव्हती. विद्यापीठात काही काम होतं, ते आटोपून पत्ता शोधत आली. हातात पेढ्यांचा पुडा. चेहरा अगदी तुझा, कॉलेजातला.

पाया पडली. मी तिला पलंगावर बसवलं, तर अंग चोरून बसली आणि हळूच म्हणाली, “मावशी, मी दोनच मिनिटं थांबते. तुमच्या घरी चालत नसेल तर आपण खाली जाऊन बोलू या.”

मी म्हणले, “काय चालत न्हाई?”

“गाणं,” ती म्हणाली. “आईनं सांगितलंय मला. तुमच्या मुलाला पसंत नाही, म्हणून तुम्ही आला नाहीत. अप्पांना तर केवढं वाईट वाटलं. ते पत्रिकेवर तुमचं नाव छापायला निघाले होते.”

मुनीब मागं चहाचा ट्रे घेऊन उभा होता. दुकान सोडून आला होता, पाव्हणी आली म्हणून. आधी तो हसला. त्याला वाटलं पोरगी मस्करी करते. मग माझ्याकडं बघितलं आणि हसणं थांबलं.

मी विचारलं, “बेटा, मंडळात कुणी म्हणलं का, की मुसलमान बाई नको?”

ती घाबरली. “कोण म्हणेल असं? उलट तुम्ही नाही म्हटल्यावर अप्पा म्हणाले, मग ती चीज कुणीच गायची नाही. आईनं समजावलं त्यांना. सांगितलं की तुम्हीच मला ती दिलीय. रेकॉर्ड करून पाठवलीय.”

मी म्हणले, म्हण. तिनं म्हणली. गळा चांगला आहे मंजुश्री, तुझ्यापेक्षा लई चांगला. आणि अंतऱ्यात, ‘देहरी’वर, जिथं माझा दम तुटला होता तिथं ती बरोबर तेवढीच थांबली. तेवढीच. मी विचारलं, इथं का थांबलीस? ती म्हणाली, “तीच तर जागा आहे ना मावशी. तिथंच लोकांनी वाहवा केली.”

माझं आजारपण तुझ्या पोरीनं सुरात बसवलं आहे.

मी तिला सगळं सांगितलं. गप्प बसता आलं असतं, पण मुनीब समोर उभा होता. त्याच्या नावानं तू गावभर काय सांगितलंस, आणि मला काय सांगितलंस, दोन्ही. ती तोंडाला ओढणी लावून बसून राहिली. जाताना म्हणाली, “मग मी ही गाऊ की नको?” मी तिची ओढणी सारखी करून दिली.

ती गेल्यावर मुनीबनं ग्यानोबाला फोन लावला. तीन महिन्यांनी. ग्यानोबा म्हणाला, “बहिणीच्या लग्नात आई दारात उभी ऱ्हाऊन तुझी वाट बघत होती. आता काय काम हाय?” लातुरात कुणी काही बोललंच नव्हतं हे मुनीबलाबी त्याच दिवशी कळलं.

तुला ती चीज पाहिजे होती तर मागायची होतीस. मी दिली असती. तुझ्या पोरीला समोर बसवून शिकवली असती. तेवढंबी तुला माझ्याबद्दल वाटलं नाही का?

फरीदा


लातूर, १९ मार्च २०२४

फरीदा,

तू माझ्या मुलीला सांगायला नको होतंस. आपल्या दोघींतलं दोघींत ठेवायचं होतंस.

तू म्हणतेस, मागायची होतीस. बुवांकडे मी मागितली नव्हती? सहा वर्षं तुझ्या शेजारी बसून तानपुरा छेडला. चीज तुला मिळाली, मला ‘सुरेल साथ करतेस हो’ एवढंच मिळालं. आणि तू काय केलंस तिचं? लोणच्यासारखी बरणीत घालून फळीवर ठेवलीस. मी बोलावलं नसतं तर उघडलीही नसतीस.

मी बोलावलं तेव्हा मनापासूनच बोलावलं होतं. पण रेकॉर्डिंग आलं आणि वर्षाराणीनं आठ दिवसांत ती गळ्यावर चढवली. कार्यक्रमाला मुंबईहून, धारवाडहून माणसं येणार होती. एकच वेळ होती, एकच चीज. तू गाऊन नांदेडला परत गेली असतीस, चार लोकांनी कौतुक केलं असतं. तिचं आयुष्य होतं. आणि झालंही तसंच. तिला दोन ठिकाणची बोलावणी आलीत. स्थळांचं नाव आता हे काढत नाहीत.

अप्पांना काहीतरी कारण द्यायला हवं होतं. मी म्हटलं घरून अडचण आहे, तर त्यांनी पुढे एक शब्द विचारला नाही. तुला म्हटलं मंडळात विरोध आहे, तर तूही विचारलं नाहीस. दोघांनीही लगेच खरं मानलं. त्याला मी काय करू?

आता वर्षाराणी माझ्याशी बोलत नाही. रियाज बंद आहे. तिला एकदा फोन करून सांग, की काहीतरी गैरसमज झाला होता. माझ्यासाठी नको, तिच्या गळ्यासाठी सांग.

मंजुश्री


नांदेड, १४ एप्रिल २०२४

मंजुश्री,

वर्षाराणीचाच फोन आला. विचारत होती, मावशी, आई म्हणते गैरसमज होता, खरं का? मी म्हणले, न्हाई. ती रडली. मी म्हणले, चीज तुझी नाही आणि माझीबी नाही, बुवांची आहे. गा. फक्त ‘देहरी’वर थांबू नको, एका दमात पुढं जा. बाकी तुझं आणि तुझ्या आईचं तुम्ही बघा.

ती म्हणाली, मी अप्पांना सांगते. मी म्हणले, सांग.

काल मन्मथअप्पांचा फोन आला. आम्ही जेवायला बसलो होतो, मुनीब समोर. अप्पांचा आवाज आनंदानं भरलेला. “फरीदाबाई, वर्षाराणीनं बातमी दिली. तुमच्या घरून परवानगी मिळाली म्हणे! लई आनंद झाला. पुढच्या महिन्यात खास तुमचंच गाणं ठेवू.”

म्हणजे पोरीनं सांगितलं ते असं. तुला वाचवलं तिनं. तुझ्याकडनं तिनं फक्त चीजच नाही, तुझं खोटंबी उचललं.

मी म्हणले, “अप्पा, माझ्या मुलानं मला कधी अडवलंच न्हवतं. त्यानंच तर रियाजाला बसवलं.”

ते हसले. वाईट हसले नाहीत, अगदी मायेनं हसले. “असू द्या बाई. आई लेकराचं झाकणारच. आम्ही मागचं काही काढणार न्हाई. उलट आम्ही ठरवलंय, तुमच्याबरोबर मुनीबभाईंनाबी मंचावर बोलवायचं. शाल, श्रीफळ. आजच्या काळात आईला गायची मोकळीक द्यायची म्हंजे मोठं मन लागतं. समाजापुढं चांगला आदर्श व्हईल.”

मी परत सांगितलं. सगळं सांगितलं, तुझं नाव घेऊन. ते म्हणाले, “मंजुश्रीताई असं करणार न्हाईत, बाई. तुमचा काहीतरी घोटाळा व्हायलाय. तुम्ही फक्त या आणि गा.”

डोळ्यापुढं सगळं दिसलं. मी गाते आहे, आणि काळे हात पुसून माझं पोरगं मंचावर चढतं आहे, न केलेल्या गुन्ह्याची माफी मिळाल्यावानी मान खाली घालून शाल घेतं आहे. टाळ्या व्हायल्यात.

मी म्हणले, “न्हाई अप्पा. मी गाणार न्हाई.”

त्यांनी आवाज एकदम खाली आणला, शेजारी कुणी ऐकू नये तसा. “मुलगा जवळच बसलाय का, बाई?”

मी मुनीबकडं बघितलं. फोनचा आवाज मोठा असतो, त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं माझ्या ताटात भाकरी वाढली.

“ठेव फोन, अम्मी,” तो म्हणाला. “जेवण थंड व्हायलं.”

फरीदा